चांगुणामावशीचे पाय

गिऱ्हाइकाचा चेहरा माझ्या लक्षात राहत नाही, पाय राहतात. भिवंडीत मंडईमागच्या गल्लीत चपला-बुटांचं दुकान घेऊन बसलं की हे असंच होतं. रस्त्यात कुणी "ताई, ओळखलंत का?" म्हणालं की मी आधी खाली बघते. लूमवर रात्रपाळी करणाऱ्याचे पाय, गोडाऊनमध्ये पेट्या उचलणाऱ्याचे पाय, जूनमध्ये शाळेच्या बुटांसाठी रडत आणलेल्या पोरांचे पाय, सगळे मला वेगवेगळे सांगता येतात. चांगुणामावशीचे पाय मात्र मला पहिल्या भेटीत दिसलेच नव्हते. तिचा चेहरा पाठ झाला आणि पाय बघायचे राहून गेले.

ती पहिल्यांदा आली तेव्हा होळी नुकतीच होऊन गेली होती. उंच, रुंद खांद्यांची बाई. अंगावर साधीच नायलॉनची साडी, पण गळ्यात आणि हातात असं भरगच्च सोनं की समोर बसलेल्या इक्बालचाचांनी हातातली चप्पल शिवायची थांबवून वर पाहिलं. इक्बालचाचा आमच्या दुकानाच्या पायरीवर बसून मोचीकाम करतात. कोण येतं, कोण जातं याची त्यांना माझ्यापेक्षा जास्त खबर असते.

बाई बाकावर बसली आणि बसताबसता तिने दोन्ही पाय बाकाखाली सारले. मग पिशवीतून नारळाच्या झापाची एक हीर काढली. केरसुणीची काडी असते ना, तीच. दोन्ही टोकांना नखाने मोडलेली.

"बाय, ह्या मापाचा बूट दे," ती म्हणाली.

"कुणासाठी?"

"हाय एक बाई."

"मग तिलाच घेऊन या ना. असं काडीवर माप घेऊन बूट कसा बसेल?"

"ती यायला लाजते."

आता चपलेच्या दुकानात यायला कोण लाजतं? मला हसू आलं, पण सोन्याकडे बघून मी ते गिळलं. बूट कशासाठी हवा, विचारलं. पाण्यात चालायला, म्हणाली. पावसाळ्यासाठी का, तर तेही नाही. "खाडीत," ती म्हणाली आणि मागे वळून बघितलं. कुणी ऐकलं तर नाही ना, अशी.

पाण्याचा बूट म्हणजे गमबूट, एवढीच माझी अक्कल. हीर लावून मी तिला एक काळा गमबूट जोड दिला आणि चांगली विक्री झाली म्हणून खुशीत राहिले.

आठ-दहा दिवसांनी ती परत आली. पिशवीत एकच गमबूट.

"दुसरा कुठंय?"

"खाडीनं ठेवला."

"आणि त्या बाईचा पाय?"

"पाय आयला. बाई बी आयली. बूट न्हाय आयला." मग खाली बसून तिने सगळं सांगितलं. वरून पाणी आत शिरलं, खालून चिखलाने धरलं. पायात पाण्याची बादली घालून चालल्यासारखं झालं. "ती तिथं मधोमध उभी. सुकती संपत आलेली, भरती लागायला टेकलेली. हाक मारावी तर कुनाला मारील? गाववाले येतील आन बोलतील, गोडाऊनवाल्याची बायको चिखलात रुतली. मग सोडला एक बूट."

"मावशी," मी म्हटलं, "ती बाई तुम्हीच ना?"

तिने दाराकडे बघितलं. म्हणाली, "शटर जरा खाली घे."

मी शटर अर्धं ओढलं. बाहेर इक्बालचाचांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. मावशीने बाकाखालून पाय काढले, मोजे उतरवले आणि पाय माझ्यासमोर ठेवले. मी पुष्कळ पाय बघितलेत. लूमच्या यंत्रात सापडलेलेसुद्धा. पण हे बघून मला कसंसंच झालं. कालवांच्या कडांनी चिरलेल्या, भरून आलेल्या आणि पुन्हा चिरलेल्या रेषा. तिवरांच्या खुंटांनी टोचलेले खड्डे. एका अंगठ्याचं नख अर्धंच. टाचांच्या भेगांत काळा चिखल इतका मुरलेला की दगडाने घासून जाणार नाही. मला कसंसं झालं हे माझ्या तोंडावर दिसलं असणार, आणि ते तिला दिसलं याची मला लाज वाटली.

"बघितलंस ना?" ती म्हणाली. "आता तूच सांग, हे पाय परातीत ठेवायचं का?"

परातीची गोष्ट अशी होती.

मावशी कशेळीकडच्या एका गावची. बापजाद्यांपासून भातशेती आणि खाडी. मग हायवेच्या बाजूने गोडाऊनं उभी राहिली, शेताचं भाडं सुरू झालं, दारात गाडी आली. मामा, म्हणजे तिचा नवरा, दिवसभर गोडाऊनच्या गेटपाशी खुर्ची टाकून बसायला लागले. मोठा मुलगा नीलेश, धाकटा रुपेश. नीलेशचं लग्न करोनानंतरच्या पहिल्या मोठ्या लग्नसराईत झालं. मुलगी ठाण्याची, तिची आई बँकेत नोकरीला. लग्नात मुलीची आई वरमाईचे पाय धुते, पुसते, हळदीकुंकू लावते. सगळ्यांना माहीत असलेली रीत, आणि मावशीला आठवडाभर तिचीच धास्ती. हळदीच्या दिवसापासून तिने पायात मोजे चढवले होते.

विहीणबाई परात घेऊन पुढे आली. मावशीने पाय मागे घेतले. "मोजं काढा ना," कुणीतरी म्हणालं. मावशीने मान हलवली. परत कुणीतरी म्हणालं. मावशीने पाय आणखी मागे घेतले.

आता लग्नात वरमाई पाय मागे घेते याचा अर्थ एकच. रुसली. मानपानात काहीतरी कमी पडलं. मुलीकडची माणसं घाबरली. मुलीचा मामा धावत जाऊन आणखी एक भारी साडी घेऊन आला. मावशी घामाने भिजली, "न्हाय, न्हाय, साडी नको," म्हणाली, तर लोकांना वाटलं, साडीने भागत नाही. मुलीच्या काकांनी चांदीचं ताट आणलं. शेवटी त्या बँकेतल्या बाईने, परात हातात घेऊन, सगळ्या हॉलसमोर हात जोडले. "काय चुकलं असेल तर माफ करा," म्हणाली आणि रडायला लागली.

"तिच्या डोल्यात पानी बघितलं आन मना कायच सुचलं न्हाय," मावशी म्हणाली. "मोज्यासकट पाय ठेवलं परातीत. तिनं मोज्यावर पानी घातलं. सगला हॉल हसला. व्हिडीओवाल्यानं कॅमेरा पार पायाशी आनला."

ओल्या मोज्यांनी ती दिवसभर फिरली. त्या दिवसापासून नात्यागोत्यात ती हावरट ठरली. गोडाऊनचं भाडं आलं आणि बाई डोक्यावर चढली, असं लोक म्हणाले. ते साडी-ताट तिने दुसऱ्या दिवशी परत पाठवलं, तर अजून राग गेला नाही का, असा तिकडून उलट निरोप आला. ठाण्याची विहीण आजही तिच्याशी जपून, तोलून बोलते. सूनबाई चांगली आहे, पण कुठलीही वस्तू सासूसमोर ठेवताना म्हणते, "चालेल ना आई? आवडेल ना?" ते ऐकलं की मावशी हातातला घास परत ताटात ठेवते.

"मी हावरी न्हाय गं," ती मला म्हणाली. दुकानात, अर्ध्या शटरच्या मागे. मी तिचा गमबूट उगाच फडक्याने पुसत बसले.

"मग सांगून टाका ना, की पायांची लाज वाटली म्हणून."

"ते सांगायची बी लाजच वाटते ना."

रुपेशचं लग्न पुढच्या मे महिन्यात करायचं ठरत होतं. मावशीचा बेत ठरला होता. या वेळी परात समोर आली की लगेच, कुणी काही म्हणायच्या आत, दोन्ही पाय उघडे पुढे करायचे. बस्स. त्यासाठी वर्षभर पायाला नवी चीर पडू द्यायची नव्हती. म्हणून बूट.

मी तिच्याशी वाद घातला. आम्ही बौद्ध. आमच्या लग्नात दोन्हीकडच्या आया एका रांगेत बसतात, कुणी कुणाचे पाय धूत नाही. "एका पोराच्या आईने दुसऱ्या पोरीच्या आईकडून पाय धुवून घ्यायचे, हे बरं दिसतं का?" मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं.

"मना बी न्हाय आवडत," ती म्हणाली. "मी तिचा हात वरच्यावर धरनार. पानी घालू देनार न्हाय. पन पाय पुढं ठेवनार. मागं घेतलं त्याच्यासाठी मना ते करायला पायजे."



"त्यापेक्षा खाडीत जाणं सोडा," मी शेवटचा मुद्दा काढला. "घरी काय कमी आहे?"

"आन मग करू काय? मामांच्या शेजारी दुसरी खुर्ची टाकू?"

मुलांनी तिला खाडीत जायला केव्हाच बंदी घातली होती. ती भल्या सकाळी घराबाहेर पडायची ती मॉर्निंग वॉकच्या नावाखाली. आता गोडाऊनवाल्यांच्या बायका वॉकला जातातच, त्यामुळे ते खपत होतं. ब्लाउजमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाईल. चिंबोऱ्या मिळाल्या तर शेजारणीला देऊन टाकायची आणि शेजारीण संध्याकाळी त्याच चिंबोऱ्यांचं कालवण करून मावशीच्या घरी वाटी पाठवायची. नीलेश ते बोटं चाटून खायचा आणि म्हणायचा, आपल्या आईच्या हाताला ही चव नाही. हे सांगताना मावशी तोंडाला पदर लावून इतकी हसायची की बाक हलायचा.

म्हणजे बूट कसा हवा? घरातून निघताना वॉकचा दिसला पाहिजे, चिखलात पायाबरोबर वर आला पाहिजे, आत शिरलेलं पाणी बाहेर गेलं पाहिजे आणि काच लागता कामा नये. खाडीत आता कालवं कमी आणि काच जास्त. बाटल्या, ट्यूबलायटी, शहराने नको म्हणून टाकलेलं सगळं. एवढं करून तळवा जाड नको.

"पायाला दिसलं पायजे," ती म्हणायची. चिखलाखाली चिंबोरी आहे की दगड, हे पायाला कळतं, बुटात कळत नाही. "तुजा गमबूट पायाला आंधला करतो."

मग आमच्या परीक्षा सुरू झाल्या. दुकान बंद करायच्या वेळेला ती यायची. मागच्या मोरीत मी बादलीभर पाणी ओतायचे आणि ती नवा बूट घालून तिथे उभी राहायची. फोमचा वॉकिंग शूज घातला तर तो पाणी पिऊन ओल्या गोधडीसारखा जड झाला. प्लास्टिकचे सँडल हलके, पाणी लगेच जातं, पण पट्ट्यांतून शिंपलीचा चुरा आत शिरून त्याने आणखी कापलं. रबरी पंपशू तर पहिल्याच दिवशी चिखलाने काढून घेतला. माझं निम्मं दुकान ओलं करून झालं. मी वैतागले की ती म्हणायची, "गिऱ्हाईक देव असतो ना गं? मग देवाला ओरडतेस?"

शेवटी जुळलं ते शाळेच्या पीटीच्या तासाच्या पांढऱ्या कॅनव्हासवर. मुलांचा सर्वांत मोठा नंबर. कापड पातळ, तळवा बेताचा, नाडी घट्ट बांधता येणारी. फक्त पाणी जायला वाट हवी. इक्बालचाचांना मी बुटाच्या बाजूला दोन्हीकडून आरीने भोकं पाडायला सांगितली. ते माझ्याकडे बघतच राहिले. "दीदी, फटा हुआ जूता सिलवाने सब आते हैं. नया जूता फाड़ने को पहली बार कोई लाया है." पण त्यांनी भोकं पाडली, वर प्रत्येक भोकाला धातूची कडी बसवली, कापड उसवू नये म्हणून. मावशीने त्यावर स्वतःची एक भर घातली. लूमवरच्या वाया गेलेल्या कापडाच्या पट्ट्या ती घोट्याला गच्च गुंडाळायची, म्हणजे वरून खडा शिरत नाही. भिवंडीत काय, चिंध्यांना तोटा नाही.

एकदा मी तिला खाडीत बघितलं. कशेळीला एका गोडाऊनमध्ये सेफ्टी शूजची ऑर्डर पोचवायची होती, सकाळी लवकर निघाले, आणि रस्त्यावर ट्रक अडकले म्हणून रिक्षा सोडून कडेने चालत होते. खाली, तिवरांच्या पलीकडे, गुडघाभर चिखलात ती. दुकानात पाय लपवून अंग चोरून बसणारी बाई ती हीच, हे मला पटेना. एक पाय टाकायची, थांबायची, जणू खालून काही ऐकते आहे. मग कमरेतून वाकून हात घालायची आणि चिंबोरी पाठीकडून धरून वर. नांग्या हवेत. मी हाक मारली तर ती दचकली. कोण ते कळल्यावर हसली आणि एक पाय चिखलातून वर काढून मला दाखवला. पांढरा बूट काळा झालेला, पण पायातच होता. भोकांतून पाणी गळत होतं.

तेवढ्यात ब्लाउजमधला मोबाईल वाजला. तिने पिशवीसकट कानाला लावला. "हां नीलेश. वॉकला. हां, पुलाकडं. न्हाय रे, धापा न्हाय टाकत." आणि मला डोळ्याने खूण केली, गप्प बस म्हणून.

त्या वर्षात तिने तीन जोड बूट संपवले आणि पाय सुधारत गेले. रात्री झोपताना कोकमाचं तेल गरम करून भेगांत भरायची. सकाळी घरच्यांच्या आधी उठून पुसायची. कुणाला कळू द्यायचं नाही. माझ्याकडे यायची ती तपासणीला. शटर अर्धं खाली, मोजे बाजूला, आणि मी मास्तरीणबाईसारखी वाकून बघायचे. "ही चीर भरली. ही टाच अजून नाही." ती ऐकून घ्यायची. मी तिला म्हटलं, मुलांना सांगा तरी, आई एवढं करते आहे म्हणून. तिने माझा हात धरला. "पोरांना सांगशील न्हाय हां. त्यांना आधीच माजी लाज हाय. आनखी ह्याची वाटेल." मी शब्द दिला.

लग्नाच्या आधी ती शेवटची आली तेव्हा शटर खाली घ्यायला सांगितलं नाही. दुकानात दोन गिऱ्हाईकं होती. ती बाकावर बसली, पाय पुढे घेतले आणि म्हणाली, "उघडी सँडल दे. बोटं दिसनारी. सोनेरी." डाग होतेच, ते कुठे जाणार? पण चिरा भरल्या होत्या, टाचा मऊ झाल्या होत्या, अर्ध्या नखालाही तिने लाल रंग लावला होता. मी सात-आठ जोड काढले. तिने प्रत्येक घालून आरशासमोर उभं राहून बघितलं. त्या दोन बायकांपैकी एकीने सहज म्हटलं, "छान दिसतायत हो पायात." मावशी इतकी लाजली की तिने ती जोडी पुन्हा काढून पुन्हा घातली.

लग्न अंबाडीच्या पुढे, वाडा रोडवरच्या एका हॉलमध्ये होतं. मावशीने मला पत्रिका दिली होती आणि हॉलमध्ये गेल्यागेल्या मुलांशी "चपलेच्या दुकानवाली ताई" म्हणून ओळखही करून दिली. मुलगी तिकडचीच. तिची आई अंगणवाडीत काम करणारी, किडकिडीत, सारखी पदर सावरणारी. ती मावशीच्या आसपास इतकी बिचकून वावरत होती की मला कळलं, मागच्या लग्नाची गोष्ट इथपर्यंत पोचली आहे. मावशीने तिला दोनदा हाताला धरून शेजारी बसवायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा ती "नको, नको, मी उभीच बरी," म्हणाली.

अक्षता पडल्या. मावशी पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसली. मी दोन रांगा मागे, जरा कडेला, जिथून दिसेल अशी. तिने सँडल काढून खुर्चीखाली ठेवली. दोन्ही पाय उघडे, लाल गालिच्यावर पुढे ठेवले, साडीचा काठ चिमटीने थोडा वर घेतला. जोडवी चमकत होती. तिने मागे वळून मला शोधलं आणि मान हलवली. मीही मान हलवली, स्वतःच्या मुलीला परीक्षेला पाठवताना हलवते तशी.

स्टेजवर रुपेशने माइक घेतला.

"सगळ्यांना एक सांगायचं आहे," तो म्हणाला. शिकलेला मुलगा, छान बोलतो. "आम्ही दोघांनी ठरवलं आहे की आमच्या लग्नात पाय धुण्याचा कार्यक्रम होणार नाही. तिची आई आणि माझी आई, दोघी सारख्या. कुणी कुणाचे पाय धुवायचे नाहीत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. वाजवणारच. मी आयुष्यभर हेच म्हणत आले आहे, आणि पोरगं किती बरोबर बोललं, असंच पहिल्यांदा मनात आलं. मग माझं लक्ष पहिल्या रांगेकडे गेलं आणि माझे हात हवेतच राहिले.

मावशीचे पाय तसेच पुढे होते. ती स्टेजकडे बघत होती. तिला अजून पूर्ण कळलं नव्हतं. ती परात घेऊन येणाऱ्या माणसाची वाट बघत होती. शेजारची बाई वाकून काहीतरी म्हणाली, तेव्हा तिला कळलं. मुलीच्या आईने डोळे मिटून सुटकेचा श्वास सोडला, तो मला इतक्या लांबून दिसला.

नीलेश माझ्या मागे उभा होता. "बरं झालं ना ताई?" तो हलक्या आवाजात म्हणाला. "मागच्या वेळची फजिती तुम्हाला माहीत नसेल. आईने असा तमाशा केला होता ना. या वेळी आधीच काढून टाकलं. तिला सांगितलंच नाही, सांगितलं असतं तर पुन्हा रुसली असती."

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. खाडी, बूट, कोकमाचं तेल, सगळं. पण मी शब्द दिला होता. आणि सांगून तरी काय झालं असतं? चुकीचं कुणीच काही केलं नव्हतं. मला लाज वाटत होती आणि ती कुणाची, हे मला ठरवता येत नव्हतं. त्या पोरांची, त्या हॉलची, की टाळ्या वाजवलेल्या माझ्या हातांची.

बायका येऊन मावशीचं अभिनंदन करत होत्या. "किती सुधारलेला मुलगा आहे हो तुमचा." दुसरी एक पाठ फिरवता फिरवता तिसरीला म्हणाली, "बरं झालं, नाहीतर वरमाईने या वेळी काय मागितलं असतं कुणास ठाऊक." ती काही फार हळू बोलली नव्हती. मावशी हसून सगळ्यांना "हां, हां, चांगला हाय," म्हणत होती. पाय मात्र तिने अजून हलवले नव्हते.

मग नवरा-नवरी पाया पडायला खाली आली. आधी मामांच्या, मग मावशीच्या. रुपेश वाकला. त्याचा हात साडीच्या काठाला लागला, मान व्हिडीओवाल्याकडे वळलेली. मी तोवर पुढे सरकून तिच्या खुर्चीपाशी आले होते, म्हणून मला ऐकू आलं.

"बघ तरी," मावशी म्हणाली.

"काय गं?"

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. प्रेमाने बघत होता, ते खोटं नव्हतं. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. अक्षतेचा एक दाणा केसात अडकला होता, तो काढला.

"काय न्हाय रे. जा, तिकडं बोलावतात."

घरच्या माणसांचा फोटो घ्यायचा होता. मागे सगळे उभे राहिले, पुढे दोन्ही आया खुर्च्यांवर. आता मात्र अंगणवाडीची बाई आपणहून मावशीच्या शेजारी येऊन बसली, अगदी मोकळेपणाने, आणि तिचा हातही हातात घेतला. मावशीने तो घट्ट धरला. फोटोग्राफर कॅमेऱ्यातून बघत मागे गेला, पुढे आला, परत मागे गेला.

"आई, जरा पाय आत घ्या," तो म्हणाला. "फ्रेममध्ये येतायत."

मावशीने पाय आत घेतले.